लेबल झाकले की जीभ काय सांगते?

फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात वाइननिर्मितीचे शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांसमोर दोन ग्लास ठेवण्यात आले. एकात पांढरी वाइन, दुसऱ्यात लाल. वास घेऊन कोणत्या ग्लासाला कोणते शब्द लागू पडतात ते नोंदवायचे, एवढेच काम होते. पांढऱ्या ग्लासाला विद्यार्थ्यांनी फिकट रंगाच्या फळाफुलांचे शब्द दिले, लाल ग्लासाला लाल-काळ्या फळांचे आणि मसाल्यांचे. प्रत्यक्षात दोन्ही ग्लासांत एकच पांढरी वाइन होती. एकात बिनवासाचा लाल रंग मिसळला होता, इतकाच फरक. मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू या संशोधकांचा हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून वाइनच्या जाणकारांची टिंगल करण्यासाठी तो हमखास सांगितला जातो.

टिंगल जरा अन्यायाची आहे. ते विद्यार्थी बेफिकीर नव्हते, उलट शिकलेले होते. लाल वाइनला कोणते शब्द लावायचे हे त्यांना पाठ होते आणि बहुधा म्हणूनच डोळ्यांनी लाल पाहताच मेंदूने ते शब्द पुढे केले. जेवणाच्या ताटावर आपण सगळेच रोज हेच करतो. आमटीचा रंग पाहून ती किती तिखट असेल याचा अंदाज पहिला घास तोंडात जाण्याआधीच बांधलेला असतो.

आपण ज्याला चव म्हणतो ती बरीचशी नाकात तयार होते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. आंबा आणि पेरू यांतला फरक सांगते ते नाक, आणि तेही समोरून नव्हे. घास चावताना किंवा घोट गिळताना वासाचे रेणू घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात शिरतात. सर्दी झाल्यावर जेवण सपक लागते ते यामुळे. आता गंमत अशी की वासाला नाव देण्यात माणूस फारच कच्चा आहे. ओळखीचा वास येतो, नाव ओठांवर घोटाळत राहते. अशा वेळी मेंदू जी मिळेल ती खूण पकडतो. रंग, बाटलीचा आकार, लेबलावरचे फ्रेंच नाव आणि अर्थातच किंमत.

किंमतीचा परिणाम तर मेंदूच्या छायाचित्रात टिपला गेला आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० जणांना एफएमआरआय यंत्रात झोपवून नळीतून वाइनचे घोट दिले. वाइन पाच असल्याचे सांगितले, प्रत्यक्षात होत्या तीनच. पाच डॉलरची वाइन एकदा खऱ्या किंमतीने आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून आली. ९० डॉलरची एकदा ९० ची आणि एकदा १० ची म्हणून. महाग सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली. त्यांनी ते केवळ शिष्टाचारापोटी म्हटले असे नाही. सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. चव थेट टिपणाऱ्या भागांत मात्र तसा फरक आढळला नाही. पुढे किंमत न सांगता त्याच वाइन चाखायला दिल्या तेव्हा आवडीतला हा फरक नाहीसा झाला.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचा वाइनशी काही संबंध नव्हता. ८२ निरोगी स्वयंसेवकांना मनगटावर विजेचे सौम्य झटके देऊन एक नवी वेदनाशामक गोळी दिली. निम्म्यांना गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितली, उरलेल्यांना ती १० सेंटला मिळते असे सांगितले. गोळीत औषध नव्हतेच. महाग गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना दुखणे कमी झाल्यासारखे वाटले, स्वस्त गोळीवाल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते. जेनेरिक औषध ‘लागू पडत नाही’ ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. दर्जाच्या खऱ्या अडचणी असू शकतात, पण काही तक्रारींच्या मुळाशी पाकिटावरची छापील किंमतही असणार. म्हणून मित्रांच्या बैठकीत बाटल्यांवर कागद गुंडाळून वाइन चाखण्याचा जो खेळ शहरांत रुळतो आहे, त्याकडे निव्वळ चैन म्हणून पाहू नये. नव्या औषधाची पारख ज्या तत्त्वावर होते त्याच तत्त्वाची ती घरगुती आवृत्ती आहे. फक्त ती नीट केली पाहिजे, आणि बहुतेक घरी ती नीट होत नाही.

पहिली चूक यजमानाकडूनच होते. बाटल्या त्यानेच आणल्या, त्यानेच वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आता तोच ओततो आहे आणि पाहुण्यांचे चेहरे न्याहाळतो आहे. महागड्या वाइनची पाळी आली की त्याचा हात जरा जपून वाकतो, आवाज हळू होतो. पाहुण्यांना नकळत हे सगळे कळते. औषधांच्या चाचणीत रुग्णाबरोबर डॉक्टरलाही अंधारात ठेवतात ते याचसाठी. घरी यावर सोपा उपाय आहे. एकाने स्वयंपाकघरात एकट्याने वाइन सारख्या जगांमध्ये ओतून त्यांवर १, २, ३ अशा चिठ्ठ्या लावायच्या आणि बाहेर यायचे. मग दुसऱ्याने आत जाऊन त्या चिठ्ठ्या काढून नव्या लावायच्या आणि कोणत्या जुन्या आकड्याला कोणता नवा दिला हे खिशात लिहून ठेवायचे. आता कोणालाच पूर्ण उत्तर माहीत नाही. नुसती बाटली गुंडाळून भागत नाही, कारण रुंद खांद्याची बाटली, उतरत्या खांद्याची बाटली, बूच की फिरकीचे झाकण, यांवरून निम्मे गुपित फुटते.

नवे आकडेही १, २, ३ नकोत, क, ख, गही नकोत. पहिला क्रमांक म्हटले की मनात तो वर जातो. अन्नपदार्थांच्या चाचणीप्रयोगशाळांत ४१७, ८६२ असे अर्थहीन तीन अंकी क्रमांक देतात, तसेच द्यावेत. क्रमाचाही प्रभाव असतो. कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये लोकांना ओळीने वाइन चाखायला दिल्या आणि सर्वांत चांगली कोणती ते विचारले. सगळ्या ग्लासांत वाइन एकच होती, तरी कल पहिल्या ग्लासाकडे झुकला. तेव्हा आठ जण असतील तर आठ जणांनी वेगवेगळ्या क्रमाने चाखावे.

सर्वांत अवघड नियम गप्प बसण्याचा. मराठी माणसांच्या बैठकीत हे म्हणजे फारच झाले. पण एकाने घोट घेताच ‘हं, ओक दिसतोय’ असे म्हटले की उरलेल्या सात जणांना लाकडाचा वास येऊ लागतो. आधी प्रत्येकाने कागदावर गुण आणि दोन-चार शब्द लिहावेत, कागद उलटे करावेत, मग हवा तेवढा वाद घालावा.

नाकाला मोकळे रान द्यायचे तर घरातली तयारीही हवी. उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा त्या संध्याकाळी दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली असेल तर खिडक्या उघडून तासभर थांबलेले बरे. चखण्यातले तिखट शेंगदाणे आणि चकली नंतर येऊ द्या. मिरचीची आग जिभेवर बराच वेळ रेंगाळते. मध्ये खायला साधा पाव किंवा बिनमिठाचे चुरमुरे आणि प्यायला पाणी पुरे. नुकतेच दात घासून येऊ नये. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक गोडीची जाणीव दाबतो आणि कडूपणा वाढवतो.

तापमानाबाबत आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश सेल्सियस. पुण्यात एप्रिलच्या संध्याकाळी खोलीत ३० अंश असतात. अशा गरम वाइनमधून अल्कोहोल भराभर उडते, नाकाला झोंबते आणि बाकीचे वास झाकून टाकते. लाल वाइनही आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. आणि तुलना करायच्या सगळ्या वाइन एकाच तापमानाच्या असाव्यात, नाहीतर चाचणी वाइनची न होता फ्रिजची होते.

ग्लासांचा प्रश्न उरतोच. आठ जण आणि पाच वाइन म्हणजे ४० ग्लास. एवढे सारखे ग्लास कोणाच्या घरी नसतात. केटररकडून भाड्याने आणावेत किंवा एकेक वाइन घेऊन ग्लास साध्या पाण्याने विसळत जावे. एका फेरीला काचेऐवजी स्टीलचे पेले घेऊन आणि दिवे मालवून पाहावे. रंग दिसेनासा झाला आणि तापमान सारखे असले की लाल-पांढरे सांगतानाही आत्मविश्वास डळमळू लागतो.

या खेळातला खरा कस मात्र एका छोट्या लबाडीत आहे. पाच ग्लासांपैकी दोनांत एकच वाइन ओतायची आणि ते कोणाला सांगायचे नाही. कॅलिफोर्नियात वाइननिर्मिती करणारे निवृत्त प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांनी तिथल्या राज्य जत्रेच्या नावाजलेल्या स्पर्धेत हेच केले. परीक्षकांसमोरच्या ग्लासांत एकाच बाटलीतली वाइन तीनदा आली, अर्थात त्यांच्या नकळत. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक दहातला एकच निघाला. हे पट्टीचे परीक्षक होते. तेव्हा आपल्या दिवाणखान्यात कोणी एकाच वाइनला एकदा ७ आणि एकदा ४ गुण दिले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उलट त्या संध्याकाळची सर्वांत उपयोगी माहिती तीच. एकाच वाइनला स्वतःच्याच हातून तीन गुणांचा फरक पडत असेल, तर दोन वेगळ्या वाइनमधल्या दोन गुणांच्या फरकावर भांडण्यात अर्थ उरत नाही.

दोन वाइनमधला फरक खरोखर कळतो का, हे तपासायची आणखी सोपी रीत म्हणजे तीन ग्लासांची चाचणी. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास शोधायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणजे आठ जणांत दोन-तीन जण नशिबानेच जिंकणार. पाच जण बरोबर आले तर टाळ्या वाजवायचा मोह होतो, पण निव्वळ नशिबाने पाच किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात नऊ आहे. सहा किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात दोन. सहा जण आले तर मात्र फरक कळतो असे मानायला हरकत नाही. ही गणिते ज्या परंपरेतली आहेत तिचा उगमही एका बैठकीतलाच. इंग्लंडमधील रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितले की कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी चार असे आणि चार तसे मिळून आठ कप मांडायची चाचणी आखली. आठांतून योग्य चार निवडायचे तर ७० पर्याय होतात आणि त्यातला एकच बरोबर. बाई पुरत्या उतरल्या असे सांगतात. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात हाच चहाचा प्रयोग उदाहरण म्हणून घेतला.

मग चवीचे ज्ञान वगैरे सगळे थोतांड आहे का? तसे नाही. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक झाकलेल्या ग्लासांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की सर्वसामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडते. पण प्रशिक्षित लोकांमध्ये हा कल दिसला नाही, त्यांची पसंती महाग वाइनकडे झुकणारी होती. सरावाने काही तरी कळू लागते. फक्त ते जाणकारांना वाटते तितके पक्के नसते. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने भरवलेल्या चाचणीत नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता गुण दिले आणि लाल, पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची शार्डने चाखून ती फ्रान्सचीच असल्याची ग्वाही दिली. लाल गटात पहिल्या-दुसऱ्यातला फरक अगदी निसटता होता, पण तोवर फ्रान्सची बरोबरी कोणी करू शकेल हेच कोणी मानत नव्हते. झाकलेल्या बाटलीने नवख्यांना दार उघडून दिले.

नाशिकच्या वाइनला या दाराची गरज आहेच. आयात वाइनवर आपल्याकडे १५० टक्क्यांपर्यंत शुल्क लागत आले आहे. म्हणजे तीन हजारांच्या परदेशी बाटलीतला मोठा हिस्सा हा कर असतो आणि कराला चव नसते. शेजारी नाशिकची आठशेची बाटली झाकून ठेवली तर निकाल काय लागेल हे आधी सांगता येणार नाही, आणि तोच त्यातला रस आहे.

निकालावर वाद होणारच. त्यातले काही वाद मिटण्यासारखे नसतात, कारण दोघेही खरे बोलत असतात. शिराझ या द्राक्षाच्या वाइनला अनेकदा मिऱ्याचा वास येतो. तो रोटंडोन नावाच्या रेणूचा असतो आणि काळ्या मिरीतही तोच असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधनात आढळले की सुमारे पाचातल्या एका माणसाला हा रेणू भरपूर असूनही हुंगता येत नाही. तेव्हा ‘मिरी कुठेय?’ असे विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये. त्याच्या नाकात ती खरोखरच नाही. दुसरीकडे एका बाबतीत मराठी माणूस तयारीने येतो. लाल वाइन पिताना तोंड कोरडे पडून आवळल्यासारखे होते, त्याचे नेमके वर्णन करताना इंग्रजीत नवशिक्याची ओढाताण होते. आपल्याकडे सहा रसांत तुरट आहेच. सुपारी, कोवळे केळे, जांभूळ, कोरा चहा यांची ओळख लहानपणापासून असते. आधुनिक शास्त्र तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्श मानते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल जिभेला घासू लागतात.

कोणाला पाचही ग्लासांत कसलाच वास येत नसेल तर तो विनोद समजू नये. सर्दी नसताना काही आठवडे वास येत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कोविडनंतर काहींची गंधसंवेदना पूर्ण परतलेली नाही आणि घरात रोजच्या वासांची सवय झाल्यामुळे ते लक्षातही येत नाही. पार्किन्सन्ससारख्या आजारात वास जाणे हे हात थरथरण्याच्या किती तरी आधीचे लक्षण असू शकते.

आणि वाइन म्हणजे मद्यच, हे विसरून चालत नाही. लाल वाइन हृदयाला चांगली, हा समज अजून टिकून आहे. तिच्यातल्या ज्या रेस्व्हेराट्रॉलचे कौतुक होते त्याचे प्रमाण अतिशय अल्प असते. अल्कोहोल हे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे मद्याचे कोणतेच प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. हिशेब करून पाहावा. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या १०० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. हॉटेलसारखे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास म्हणजे माणशी अख्खी बाटली, सुमारे ७७ ग्रॅम. चाखण्यासाठी ३० मिलिलिटर पुरतात. तेच पाच ग्लास मग १५ ग्रॅमवर येतात, आणि व्यावसायिकांप्रमाणे तोंडात घोळवून भांड्यात थुंकले तर त्याहून बरेच कमी. थुंकायला आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून प्रत्येकाला झाकणाचा वेगळा पेला द्यावा. ओतताना औषधाचे माप वापरावे, अंदाजाने ओतलेले ३० लवकरच ६० होतात. गर्भवती स्त्रिया, यकृताचे विकार असलेले, झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या आणि मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे यांनी नुसते हुंगावे. निम्म्याहून अधिक खेळ नाकाचाच आहे, त्यामुळे त्यांचे फारसे अडत नाही. महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि तो घरच्या बैठकीलाही लागू आहे, हेही अनेकांना माहीत नसते. गाडी कोणी चालवायची हे पहिल्या घोटाआधी ठरवावे. आणि आठ जणांना ३० मिलिलिटरप्रमाणे दिल्यावर प्रत्येक बाटलीत अर्ध्याहून अधिक वाइन उरते. ती ‘संपवून टाकू’ म्हणणारा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस ती चांगली राहते.

ज्या घरात मद्य चालत नाही तिथे हाच प्रयोग चहावर करता येतो, घाण्याच्या आणि पिशवीतल्या शेंगदाणा तेलावर करता येतो, आणि मे महिन्यात हापूसवर तर करावाच. रत्नागिरीचा, देवगडचा आणि त्याच नावाने पेटीतून आलेला कर्नाटकचा. फळे सारखी पिकलेली हवीत, साल काढून टाकायची, फोडी सारख्या कापायच्या आणि बशांवर तीन अंकी क्रमांक टाकायचे. पेट्यांची पावती दुसऱ्या खोलीत ठेवायची. एक आंबा दोन बशांत मांडायला विसरायचे नाही.